घरच्या सोनारकामाची कापायची हत्यारे: कृती जुनी, भंगार नवे

चांदीवर रेघ कोरायची कोरणी, पत्रा तोडायची छिन्नी, भोक पाडायचा सामता ही हत्यारे बाजारातून आणायची असतात, ही समजूत तशी अलीकडची आहे. सोनाराच्या दुकानात ऐरण, हातोडी, बागेसरी (सोनाराची शेगडी) आणि फुंकणी आधीपासून असायचीच, आणि बारीक पोलाद तापवायला, ठोकायला आणि पाणी पाजायला, म्हणजे लाल तापवून एकदम बुडवून कडक करायला, याहून जास्त काही लागत नाही. त्यामुळे झिजलेली कानस फेकून देण्याची पद्धत नव्हती. तिची कोरणी व्हायची, आणि धार लावून लावून कोरणी आखूड झाली की तिचा नक्षीचा पंच.

आज घरी चांदीकाम करणारे हीच वाट धरतात आणि पहिल्याच हत्याराला अडखळतात. सायकलची तार लालभडक करून पाण्यात बुडवली तरी तिची धार चांदीवर वळते. अॅलन की बुडवली की टचकन तडा जातो. तुटके ड्रिल तापवून हवे तसे घडवले की ते पूर्वीचे कापणेही विसरते. दोष बहुतेक वेळा हाताचा नसतो. तापवा, बुडवा, थोडे उतरवा (हलका ताव देऊन कडकपणा जरा कमी करा) ही कृती ज्या पोलादासाठी ठरली, ते पोलाद आजच्या भंगारात मोजक्याच वस्तूंत सापडते.

कृती किती जुनी आहे याचा अंदाज उज्जैनच्या वराहमिहिरावरून येतो. सहाव्या शतकातल्या बृहत्संहितेत खड्गांवर एक अध्याय आहे. शस्त्राला तेल चोळून त्यावर रुईचा चीक, मेंढ्याच्या शिंगाची काजळी आणि पारवा व उंदराची विष्ठा यांचा लेप द्यावा, मग पाणी पाजावे आणि त्यानंतर धार लावावी, म्हणजे ते दगडावरही मोडत नाही, असे त्यात सांगितले आहे. केळीच्या क्षारात ताक मिसळून, दिवसभर ठेवून, त्यात पाणी पाजण्याचीही एक कृती तिथेच आहे. साधारण सहाशे वर्षांनंतर, बाराव्या शतकात, थिओफिलस या नावाने लिहिणारा जर्मन प्रदेशातला साधू-कारागीर सोनारकामाची हत्यारे घरी कशी करावीत हे तपशीलवार लिहून ठेवतो. त्याच्या कानशीच्या कृतीत बैलाचे शिंग जाळून केलेली पूड आणि तिसरा हिस्सा मीठ आहे. लाल झालेल्या कानशीवर ती सगळीकडे भुरभुरायची, पुन्हा ताव द्यायचा आणि पाण्यात बुडवायची. नरम लोखंडाच्या लहान कानशींना तो डुकराची जुनी चरबी चोळतो, बोकडाच्या कातड्याच्या पट्ट्या गुंडाळतो, वरून माती लिंपतो आणि कातडे जळेपर्यंत भट्टीत ठेवतो.

उज्जैन आणि जर्मनी यांच्यात देवाणघेवाण झाली असे मानायची गरज नाही. शिंग, कातडे, विष्ठा या सगळ्यांतून कर्ब (कार्बन) आणि थोडा नायट्रोजन मिळतो, आणि लाल तापलेल्या लोखंडाच्या पृष्ठभागात तो शिरतो. लोखंडात कर्ब नसेल तर कितीही वेळा पाणी पाजा, ते कडक होत नाही. मिठाचेही काम असते. तापलेला तुकडा साध्या पाण्यात गेला की त्याच्याभोवती वाफेचे पांघरूण तयार होते, ते जिथे चिकटून राहते तिथे पोलाद सावकाश थंड होते आणि नरम डाग उरतात. खारट पाण्यात हे पांघरूण लगेच फुटते. आजही लिटरभर पाण्याला १०० ग्रॅम मीठ हे प्रमाण चालते. थिओफिलसने पाणी पाजायला उपाशी ठेवून नेचा खाऊ घातलेल्या बोकडाचे, किंवा लाल केसांच्या लहान मुलाचे मूत्रही सुचवले आहे. त्यातले क्षार उपयोगी पडत असतील, केसांच्या रंगाचा संबंध लावता येत नाही.

अशा हत्यारांचा कडकपणा वरच्या पापुद्र्यापुरता असायचा. आरपार कडक होणारे, एकसारखे पोलाद मुशीतून आले. दक्षिण भारतात ते फार पूर्वीपासून होत होते. तमिळनाडूतील कोडुमणल आणि तेलंगणातील कोनासमुद्रम ही त्याची नावाजलेली ठिकाणे. ते बाहेर ‘वूट्झ’ म्हणून ओळखले गेले आणि १७९५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीसमोर त्यावर निबंध वाचला गेला. इंग्लंडमध्ये मुशीत पोलाद वितळवण्याची पद्धत बेंजामिन हंट्समनने १७४० च्या दशकात बसवली. तो घड्याळजी होता आणि स्प्रिंगसाठी मिळणाऱ्या पोलादाला कंटाळला होता. त्यानंतरच्या दीडशे वर्षांत कानशी, वस्तरे, कोरण्या, घड्याळाची हत्यारे सगळी याच जातीच्या पोलादाची झाली: कर्ब एक टक्क्याच्या आसपास, बाकी लोखंड. अमेरिकेत विल्यम निकल्सनने १८६४ मध्ये दात पाडायच्या यंत्राचे पेटंट घेतले. पुढे यंत्राने केलेल्या कानशी स्वस्त आणि मुबलक झाल्या, आणि त्याबरोबर झिजलेल्या कानशीही. ‘जुन्या कानशीची कोरणी करा’ हा सल्ला इतका पक्का बसला तो या काळात.

घोळ १९०० च्या आसपास सुरू झाला. अमेरिकेतल्या बेथलहेम स्टील कंपनीत टेलर आणि व्हाइट यांनी टंगस्टन आणि क्रोमियम घातलेले पोलाद खूपच जास्त तापवून कडक करण्याची पद्धत काढली आणि १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात धार लाल झाली तरी कापत राहणारे हत्यार दाखवले. तेच हायस्पीड स्टील. त्याचे रूढ झालेले प्रमाण टंगस्टन १८, क्रोमियम ४, व्हॅनेडियम १ टक्का. ते कडक करायला १२५० अंश सेल्सिअसच्या पुढे जावे लागते, आणि हातातल्या ब्यूटेन टॉर्चने ते जमत नाही. १९१३ मध्ये शेफील्डला हॅरी ब्रिअर्लीने स्टेनलेस आणले. मग स्प्रिंगची, बेअरिंगची, व्हॉल्वची अशी प्रत्येकाची वेगळी मिश्रणे आली. दिसायला सगळी सारखीच चकाकतात.

म्हणून भंगारातून तुकडा उचलताना आधी जात ओळखावी. ग्राइंडरवरच्या ठिणग्या बघणे हा सर्वांत सोपा मार्ग. जास्त कर्बाच्या पोलादाच्या ठिणग्या पिवळ्या-पांढऱ्या आणि टोकाला फुलबाजीसारख्या भरपूर फुटतात, साध्या लोखंडाच्या लांब आणि सरळ, तर हायस्पीडच्या मंद लालसर आणि जवळजवळ न फुटणाऱ्या. शंका राहिली तर टोक तापवून, पाणी पाजून, फडक्यात गुंडाळून व्हाइसमध्ये मोडावे. डोळ्यांवर चष्मा हवाच. आतला काप सगळीकडे बारीक, राखाडी, मखमली दिसला तर पोलाद चांगले. कडेला बारीक पट्टा आणि आत वेगळा गाभा दिसला तर ते फक्त वरून कडक केलेले लोखंड आहे. अलीकडच्या स्वस्त कानशींपैकी काही अशाच असतात. थिओफिलसचीच तऱ्हा, फक्त कारखान्यात केलेली. घासून कोरणी केली की कडक पापुद्रा निघून जातो आणि हातात खिळा उरतो.

जुन्या चांगल्या कानशी, आटे पाडायचे साधे कार्बन स्टीलचे टॅप आणि ‘सिल्व्हर स्टील’ नावाने विकल्या जाणाऱ्या कांड्या यांना जुनी कृती तशीच लागू पडते. सिल्व्हर स्टीलमध्ये चांदी नसते, नुसती घासून चकचकीत केलेली असते. बॉल बेअरिंगच्या पोलादात एक टक्का कर्ब आणि दीड टक्का क्रोमियम असते. ते उत्तम, पण तेलात बुडवायचे, पाण्यात तडकते. गाडीच्या पाट्याचे पोलाद, काँक्रीटचे खिळे, अॅलन की यांत कर्ब अर्ध्या टक्क्याच्या आसपास असतो. त्यांची छिन्नी आणि पंच छान होतात, कोरणीची बारीक धार टिकत नाही. एक्झॉस्ट व्हॉल्वच्या दांड्याच्या नादी लागू नये, त्यातले बरेचसे पोलाद पाणी पाजून कडक होतच नाही. हायस्पीडचा तुटका ड्रिल किंवा टॅप असेल तर तो न तापवता नुसता घासून घ्यावा. ग्राइंडरवर त्याचे टोक निळे पडले तरी त्याचे काही बिघडत नाही. कार्बन स्टीलचे टोक निळे पडले की ते सुमारे ३०० अंशांपर्यंत उतरले, कोरणी म्हणून संपले.

आता कोरणीच. तीन-चार मिलिमीटरची चौकोनी कानस चांगली. ती आधीच हवी त्यापेक्षा जास्त कडक असते, त्यामुळे पहिल्या हत्यारासाठी नरम करून पुन्हा पाणी पाजण्याच्या भानगडीत पडू नये. ओव्हनमध्ये २२० अंशांवर तासभर ठेवून ती थोडी उतरवावी आणि आपोआप गार होऊ द्यावी. मग चारही बाजूंचे दात पूर्ण घासून काढावेत. दोन-तीन सेकंद घासायचे, पाण्यात बुडवायचे, उघड्या बोटांनी धरवत नाही इतके तापू द्यायचे नाही. एकही दात खाचेच्या रूपाने मागे राहू नये, जोर पडला की तडा तिथूनच सुरू होतो. मुठीसाठी ड्रॉवरचे लाकडी बोंड खालून सपाट करून चालते. मूठ तळहातात बसवल्यावर अंगठ्यापुढे टोक साधारण दोन सेंटिमीटर राहील इतकी लांबी ठेवावी.

टोकाला ४५ अंशांचा उतार द्यावा. हा झाला चेहरा. खालच्या दोन बाजूंना १५ ते २० अंशांची छोटी टाच काढावी, लांबी एक ते दीड मिलिमीटर. कोरणी घसरते की घुसते हे टाचेवर ठरते. टाच नसेल तर मूठ पत्र्याला टेकते आणि टोक कापतच नाही. फार उभी असेल तर टोक खोल शिरून अडकते आणि तुटते. फार लांब असेल तर वळणावर तिची कड रेघेच्या बाहेरची चांदी रगडते. चेहरा आणि टाच १००० आणि मग २००० नंबरच्या पॉलिश पेपरवर काचेवर ठेवून घासाव्यात, शेवटी चामड्यावर पॉलिशची पेस्ट लावून. कोरलेल्या रेघेची चकाकी टाचेच्या चकाकीइतकीच येते. धार लागली का हे अंगठ्याच्या नखावर टोक हलकेच ठेवून कळते. घसरले तर अजून नाही.

वेगळा आकार हवा असेल तर मात्र पूर्ण कृती करावी लागते. तुकडा लाल करून राखेत किंवा चुन्याच्या पुडीत पुरून रात्रभर गार होऊ द्यावा, आकार द्यावा, मग टाकणखार किंवा बोरिक पावडर लावून पुन्हा ताव द्यावा. त्याने पृष्ठभाग जळून खवले धरत नाहीत. शेफील्डचे कानसवाले याच कामासाठी मीठ आणि बिअरचा गाळ यांचा लेप देत. ताव पुरेसा झाला का हे लोहचुंबक सांगते. साधारण ७७० अंशांना पोलाद चुंबकाला चिकटणे सोडते, त्याहून जरासा जास्त ताव देऊन सरळ उभे बुडवावे. आडवे बुडवले तर वाकते. रंग मंद उजेडात बघावा, उन्हात लाल कळत नाही आणि हात नकळत नारिंगीपर्यंत जातो. मग आतले कण मोठे होतात आणि धार काचेसारखी उडते. तेल वापरायचे तर झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, ५०-६० अंश गरम करून. प्लास्टिकचे भांडे नको. बुडवल्यावर नवी कानस त्यावरून घसरली तर काम झाले. मग एक बाजू चकचकीत करून उतरवावे: कोरणीला फिकट गवती रंग, म्हणजे २२० ते २३०; छिन्नी आणि पंचाला गडद गवती ते तपकिरी, २४० ते २६०. छिन्नीचे ठोक्याचे डोके मात्र नरमच ठेवावे, कडक डोक्याचा टवका डोळ्याकडे उडतो.

सामत्याचे टोक याहून नाजूक. धनुष्याने फिरणारा सामता दोन्ही दिशांना फिरतो, म्हणून त्याला चपटे, भाल्यासारखे, दोन्हीकडून धार असलेले टोक लागते. पीळदार ड्रिलचे पेटंट स्टीफन मोर्सने १८६३ मध्ये घेतले, तोवर सगळीकडे असलेच चपटे ड्रिल चालत. शिलाई मशीनच्या सुईपासून ते आजही होते: नेढ्याचा भाग मोडून टाकावा, टोक लाल करून ठोकून चपटे करावे, दांड्यापेक्षा किंचित रुंद ठेवावे म्हणजे भोकात अडकत नाही. इतके बारीक टोक पाण्यापर्यंत जाईतो विझते. जुने घड्याळजी ते जागच्या जागी लाखेत किंवा चरबीत खुपसत, मेणबत्तीही चालते. हे टोक धनुष्यावर भरपूर टिकते. लटकत्या मोटारीवर मिनिटाला हजारो फेऱ्यांत ते पहिल्याच भोकात निळे पडते, तिथे हायस्पीडच हवे.

करवतीचे पाते घरी करण्यात अर्थ नाही. करवत यायच्या आधी रोमन आणि बायझंटाइन सोनार जाळीकाम छिन्नीने तोडूनच करत, आणि अर्ध्या मिलिमीटरच्या चांदीला आजही ते जमते: चार मिलिमीटर रुंदीची, धार किंचित गोलावलेली छिन्नी, खाली राळ, ठोके हलके. कड वर उठते, ती कानशीने घालवावी लागते. करवतीच्या २/० नंबरच्या पात्याची जाडी ०.२६ मिलिमीटर असते, तितके बारीक दात हाताने पाडत बसण्यापेक्षा पाती विकत घ्यावीत. तिची चौकट मात्र घरी वाकवता येते. साध्या लोखंडाची सळई जास्त दाबली की तशीच दबलेली राहते आणि पाते सैल पडते, त्यामुळे स्प्रिंगच्या पट्टीची चौकट बरी.

हे घासकाम चांदीच्या मेजावर करू नये. पोलादाचा कीस चांदीच्या भुशात मिसळला तर वितळवण्याआधी चुंबक फिरवून काढावा लागतो. आणि एखादा कण दागिन्याला चिकटून तो साफ करायच्या तेजाबात गेला, तर तेजाबात आधीच उतरलेले तांबे चांदीवर गुलाबी पुट चढवते. लोखंडी चिमटा तेजाबात घातल्यावर होते ते हेच.