जर्मन आणि अमेरिकी व्यावसायिक शिष्टाचार

व्यवसायातील संबोधन, चर्चा, टीका, करार आणि वेळेचे पालन यांविषयी जर्मनी व अमेरिकेत रूढ असलेले, बहुतांशी अलिखित संकेत. अमेरिकी मानवशास्त्रज्ञ एडवर्ड हॉल यांच्या मांडणीत जपानी किंवा अरब समाजांच्या तुलनेत हे दोन्ही समाज, जे सांगायचे ते शब्दांतच सांगणारे ठरतात. त्यामुळे त्यांचे आपसांत सहज जमेल असे वाटते. पण दोघांचा मोकळेपणा एकाच जागी नसतो. जर्मन माणूस कामाविषयी स्पष्ट बोलतो आणि स्वतःविषयी हात राखून, तर अमेरिकी माणूस स्वतःविषयी भरभरून बोलतो आणि कामातील चूक सांगताना शब्द मऊ करतो.

जर्मन भाषेतील ‘झी’ आणि ‘डू’ हा भेद मराठी वाचकाला ‘तुम्ही’ आणि ‘तू’ यांवरून चटकन कळतो. औपचारिक व्यवहारात ‘हेर’ (श्री.) किंवा ‘फ्राउ’ (श्रीमती) लावून आडनाव घेतात, डॉक्टरेट असल्यास तिचाही उल्लेख होतो, आणि ‘डू’ म्हणण्याचा प्रस्ताव वयाने वा पदाने मोठ्या व्यक्तीने मांडायचा असतो. तरुण कंपन्यांत आता ‘डू’ सर्रास चालते. अमेरिकेत पहिल्याच फोनवर पहिल्या नावाने हाक मारतात, पण त्यातून जवळीक सूचित होत नाही. नाझी राजवटीमुळे 1933 मध्ये जर्मनी सोडून अमेरिकेत गेलेले मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन यांनी 1936 च्या एका निबंधात हा फरक वर्तुळे काढून दाखवला: अमेरिकी व्यक्तिमत्त्वाचे बाहेरचे अनेक थर परक्याला खुले असतात आणि गाभा तेवढा बंद असतो, जर्मन व्यक्तिमत्त्वाचे कवच बाहेरच लागते. पुढे या दोघांना पीच आणि नारळ अशा उपमा रूढ झाल्या. मराठी माणूस नारळाऐवजी फणस म्हणाला असता.

सर्वांत जास्त गैरसमज टीकेवरून होतात. आराखड्यात दोष दिसला, तर जर्मन अभियंता सर्वांसमोर ‘हे चूक आहे’ असे म्हणतो. त्याच्या लेखी ते विधान आराखड्याविषयीचे असते, तो काढणाऱ्याविषयीचे नसते. अमेरिकी वरिष्ठ आधी कौतुक करतो, मग एक ‘सूचना’ मांडतो आणि शेवटी पुन्हा कौतुक करतो. जर्मन सहकारी त्यातले कौतुक खरे धरून आराखडा तसाच ठेवतो, कारण श्टुटगार्टच्या श्वाबेन प्रदेशात ‘बोलणी बसली नाहीत, हीच पुरेशी स्तुती’ अशा अर्थाची म्हणच आहे. जर्मन स्पष्टपणाला मात्र एक लक्षणीय अपवाद आहे. नोकरी सोडताना मिळणारे लेखी प्रमाणपत्र हा तेथे कर्मचाऱ्याचा कायदेशीर हक्क असून ते खरे, पण सद्भावनेने लिहिलेले असावे, अशी न्यायालयांची अपेक्षा असते. त्यातून एक सांकेतिक भाषाच तयार झाली. ‘सदैव आमच्या संपूर्ण समाधानानुसार’ म्हणजे उत्तम, नुसते ‘आमच्या समाधानानुसार’ म्हणजे जेमतेम, आणि ‘त्यांनी प्रयत्न केले’ म्हणजे काम जमले नाही. अनेक अमेरिकी कंपन्या न्यायालयीन दाव्यांच्या भीतीने माजी कर्मचाऱ्याविषयी केवळ पद आणि नोकरीच्या तारखा कळवतात.

या फरकाला स्वभावाचे लेबल लावून थांबणे अपुरे आहे, कारण त्यामागे कायदा उभा असतो. जर्मनीत 1900 पासून लागू असलेली नागरी संहिता बरेच काही आधीच ठरवून देते, म्हणून करारनामा आटोपशीर राहतो. अमेरिकी वकील प्रत्येक शक्यता करारातच लिहून ठेवतो. जर्मन आस्थापनांतील, कर्मचाऱ्यांनी निवडून दिलेल्या कर्मचारी परिषदेला अनेक बाबतींत सहनिर्णयाचा अधिकार असतो, आणि 2,000 हून अधिक कर्मचारी असलेल्या कंपन्यांच्या पर्यवेक्षक मंडळात 1976 च्या कायद्याने निम्म्या जागा कर्मचाऱ्यांच्या प्रतिनिधींना दिल्या आहेत. त्यामुळे निर्णयाला वेळ लागतो. पण झालेला निर्णय सहसा फिरवला जात नाही. अमेरिकेत निर्णय लवकर होतो आणि अनुभवानुसार बदलतो.

वॉलमार्टचा जर्मनीतील प्रवास (1997–2006) या संदर्भात नेहमी सांगितला जातो. दाराशी स्वागत करणारे सेवक आणि सक्तीचे स्मित अनेक ग्राहकांना खोटे वाटले. कर्मचाऱ्यांच्या परस्परसंबंधांवर बंधने घालणाऱ्या आचारसंहितेतील काही कलमे वुपर्टालच्या कामगार न्यायालयाने 2005 मध्ये अवैध ठरवली, कारण कर्मचारी परिषदेला विश्वासात घेतले नव्हते. अपयशाचे सारे खापर शिष्टाचारावर फोडता येत नाही. आल्डी आणि लीडल यांच्या स्वस्त दुकानांशी स्पर्धा तितकीच भारी पडली. जर्मन मोटार कंपनी डाइमलर आणि अमेरिकी मोटार कंपनी क्राइस्लर यांचे 1998 चे ‘समसमान’ म्हटले गेलेले विलीनीकरणही 2007 मध्ये मोडले.

पुणे–चाकण पट्ट्यातील जर्मन कंपन्यांत काम करणाऱ्या आणि अमेरिकी ग्राहकही सांभाळणाऱ्या अभियंत्याला या फरकाची रोजची कसोटी साध्या आकड्यांत लागते: 1.500 हा आकडा जर्मन कागदावर दीड हजार असतो आणि अमेरिकी कागदावर दीड, 03.04. ही जर्मनीत तीन एप्रिल, तर 03/04 ही अमेरिकेत चार मार्च.