निवृत्तीनंतरचे स्थलांतर : घरविक्री आणि कर

निवृत्त झाल्यावर राहते घर विकून दुसऱ्या गावी, प्रांतात किंवा देशात कायमचे राहायला जाताना जे कर लागतात आणि ज्या सवलती मिळतात, त्यांचा विचार या नोंदीत केला आहे. बहुतेक कुटुंबांच्या आयुष्यातला हा सर्वांत मोठा व्यवहार असतो आणि तो बहुधा एकदाच होतो. त्यामुळे त्यातली चूक पुढच्या खेपेला सुधारता येत नाही. विकणाऱ्याचे लक्ष साहजिकच किमतीवर असते. कर मात्र बराचसा तारखांवर ठरतो : घर घेतले कधी, त्यात राहिलो कुठवर, विकले कधी आणि विकण्याच्या दिवशी आपण करासाठी कोणत्या देशाचे रहिवासी होतो.

आयकर विक्रीच्या सगळ्या रकमेवर नसतो, भांडवली नफ्यावर असतो. समजा, घर १०० ला घेतले, तेव्हा दस्त आणि वकील यांवर ६ खर्च झाले, पुढे २४ खर्चून एक खोली वाढवली. आता ते ३०० ला विकले आणि दलालीचे १० दिले. वरवर पाहता नफा २०० दिसतो. हिशेबाने तो १६० आहे. मधले ४० कागदावर सिद्ध करता आले तरच वजा होतात. वाढवलेली खोली, नव्याने घातलेला जिना यांसारखी घरात भर घालणारी कामे खरेदीच्या खर्चात मिळवता येतात. रंगकाम, गळक्या नळाची दुरुस्ती यांसारखी देखभाल सहसा मिळवता येत नाही. घर रिकामे करताना तीस वर्षांपूर्वीच्या पावत्यांची फाइल रद्दीत जाते, आणि विवरणपत्र भरताना नेमकी तीच लागते. ती सामानाबरोबर न पाठवता हातातल्या पिशवीत ठेवावी.

घर वारशाने आले असेल तर हिशेबाचा आरंभच बदलतो. अमेरिकेत वारसासाठी मृत्यूच्या दिवशीचा बाजारभाव हीच खरेदीकिंमत धरतात, त्यामुळे आधीच्या पिढीतला नफा करातून सुटतो. भारतात आधीच्या मालकाने मोजलेली किंमतच वारसाला लागू होते; मालमत्ता १ एप्रिल २००१ पूर्वीची असेल तर त्या दिवशीचे रास्त बाजारमूल्य घेण्याची मुभा आहे.

राहत्या घराला बहुतेक देशांनी वेगळी वागणूक दिली आहे, पण तिच्या तऱ्हा निराळ्या आहेत. अमेरिकेत १९९७ पर्यंत ५५ वर्षांवरील विक्रेत्याला आयुष्यात एकदाच १,२५,००० डॉलरपर्यंतचा नफा माफ होता. त्या वर्षीच्या कायद्याने वयाची अट काढली. आता विक्रीआधीच्या ५ वर्षांत किमान २ वर्षे मालकी आणि वास्तव्य असेल, तर एकट्याला २,५०,००० आणि संयुक्त विवरणपत्र भरणाऱ्या जोडप्याला ५,००,००० डॉलरपर्यंतचा नफा करमुक्त असतो. या रकमा महागाईशी जोडलेल्या नाहीत, त्यामुळे फार जुन्या घरांचा नफा त्या सहज ओलांडतो. जोडीदाराच्या मृत्यूनंतर २ वर्षांच्या आत, पुनर्विवाह न करता घर विकले, तर मोठी मर्यादा टिकते. दुःखात असलेल्या माणसाला घाई करायला लावणारी ही अट कठोर वाटते, पण ती माहीत असलेली बरी. जर्मनीत घर १० वर्षांहून अधिक काळ मालकीचे असेल, किंवा विक्रीचे वर्ष आणि त्याआधीची दोन वर्षे त्यात स्वतः राहिलेले असाल, तर नफ्यावर कर नाही. स्वीडनमध्ये राहत्या घराच्या नफ्यावरही २२ टक्के कर आहे. नवे घर घेतल्यास तो पुढे ढकलता येतो, एवढेच.

भारताची पद्धत पुनर्गुंतवणुकीची आहे. दोन वर्षांहून अधिक काळ ठेवलेल्या घराचा नफा विक्रीआधी १ वर्षात किंवा नंतर २ वर्षांत दुसरे घर घेण्यात, अथवा ३ वर्षांत बांधण्यात गुंतवला तर सूट मिळते. तिची कमाल मर्यादा १० कोटी रुपये आहे. नवे घर भारतातच हवे. मुलांजवळ राहायचे म्हणून परदेशात घर घेणाऱ्या ज्येष्ठांना ही अट बहुधा व्यवहार झाल्यावरच कळते. शिवाय विक्रेता अनिवासी ठरला की खरेदीदाराला रक्कम देतानाच मोठा कर कापावा लागतो. निवासी विक्रेत्याच्या बाबतीत ही कपात ५० लाख रुपयांपासून पुढे आणि फक्त १ टक्का असते. म्हणून आधी परदेशी जाऊन मग मुखत्यारपत्रावर घर विकणे आणि आधी विकून मग जाणे, या दोन क्रमांत हाती येणाऱ्या पैशात बराच फरक पडतो.

या विषयातली सर्वांत मोठी मेख या क्रमातच आहे. नव्या जागी करमते का, हे पाहावे आणि तोवर जुने घर भाड्याने द्यावे, असे शहाणी माणसे ठरवतात. ते समंजसच आहे. पण तेव्हापासून करमाफीची मुदत सरकू लागते. अमेरिकेत घर सोडल्यावर साधारण ३ वर्षांच्या आत विकले नाही तर २ वर्षे वास्तव्याची अट पूर्ण होत नाही. ब्रिटनमध्ये मालकीचे शेवटचे ९ महिने, तिथे राहत नसलात तरी, वास्तव्याचे धरतात. त्यापुढचा गैरहजेरीचा काळ एकूण नफ्याच्या प्रमाणात करपात्र होऊ शकतो. ऑस्ट्रेलियात भाड्याने दिलेले घरही ६ वर्षांपर्यंत मुख्य निवासस्थान मानता येते. मात्र विक्रीचा करार करण्याच्या दिवशी मालक परदेशी करनिवासी असेल, तर काही ठरावीक आपत्तींचे अपवाद वगळता सगळी सूट जाते, मग त्या घरात त्याने ३० वर्षे संसार केलेला असो. हा नियम २०१९ च्या कायद्याने आला. त्याच देशात ५५ वर्षांवरील व्यक्तीला १० वर्षे ठेवलेले घर विकून त्यातले ३,००,००० डॉलरपर्यंत निवृत्तिनिधीत घालण्याची खास मुभाही आहे.

आजारपणाने घर सुटले तर कायदा थोडा सैल होतो. ब्रिटनमध्ये काळजीगृहात गेलेल्यांसाठी ९ महिन्यांऐवजी ३६ महिने धरतात. अमेरिकेत स्वतःची काळजी घेणे अशक्य झालेल्या व्यक्तीने आपल्या घरात १ वर्ष काढले असेल, तर परवानाधारक शुश्रूषागृहातला काळ वास्तव्यात मोजला जातो.

घराचा नफा इतर हिशेबांतही शिरतो. अमेरिकेत माफीच्या वर गेलेला नफा उत्पन्नात धरला जातो आणि २ वर्षांनी ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्यविम्याचा हप्ता वाढवू शकतो. मालमत्ता कराचेही तसेच : कॅलिफोर्नियात जुन्या मालकाचा कर जुन्या मूल्यावर बसत असतो, आणि घर बदलले की तो एकदम चढतो, या धास्तीने अनेकजण जागचे हलत नसत. २०२० च्या सार्वमतानंतर ५५ वर्षांवरील मालकांना ते जुने करमूल्य राज्यात कुठेही, ३ वेळांपर्यंत, सोबत नेता येते.

देशच बदलला तर दुहेरी कर टाळण्याचे करार पाहावे लागतात. त्यांपैकी पुष्कळ आर्थिक सहकार्य व विकास संघटनेच्या नमुन्यावर बेतलेले आहेत. त्या नमुन्यानुसार स्थावराच्या नफ्यावर कर लावण्याचा हक्क, मालक कुठेही राहत असो, ते स्थावर असलेल्या देशाला असतो. खाजगी नोकरीच्या निवृत्तिवेतनावर माणूस राहतो तो देश कर लावतो, आणि सरकारी निवृत्तिवेतनावर सामान्यतः ते देणारा देश. दोन्ही देश आपला निवासी म्हणू लागले तर आधी कायमचे घर कुठे, मग जिव्हाळ्याचे व आर्थिक संबंध कुठे, मग नेहमीचा वावर कुठे आणि शेवटी नागरिकत्व, या क्रमाने निवाडा होतो. पहिलीच कसोटी घराची असल्याने, जुने घर न विकता स्वतःसाठी राखून ठेवणारा माणूस जुन्या देशाच्या करातून सहज सुटत नाही.

निवृत्तांना ओढून घेण्यासाठी काही देश खास सवलती देतात, पण त्या टिकतीलच असे नाही. पोर्तुगालने २००९ मध्ये नव्या रहिवाशांसाठी १० वर्षांची योजना आणली आणि तिच्यात परदेशी निवृत्तिवेतन बहुतांशी करमुक्त राहू लागले. आपल्या निवृत्तांचे वेतन कोणत्याच देशात करपात्र होत नाही, हे पाहून फिनलंडने पोर्तुगालशी असलेला करार रद्द केला. २०१९ पासून तो संपला. पुढे स्वीडननेही तेच केले. २०२० मध्ये पोर्तुगालने नव्याने येणाऱ्यांच्या निवृत्तिवेतनावर १० टक्के कर बसवला आणि २०२४ पासून मूळ योजना नवागतांसाठी बंद केली. आधी दाखल झालेल्यांची उरलेली वर्षे तेवढी राखली.