लेस म्हणायचे कशाला? क्रोशा, सुई आणि प्रदर्शनाच्या चिठ्ठीची पार्श्वभूमी

हौशी हस्तकला प्रदर्शनात ‘लेस’ असा विभाग ठेवला, की पहिला खटका नोंदणीच्या टेबलावरच उडतो. एक बाई क्रोशाचा रुमाल घेऊन येतात, दुसरी टॅटिंगची, म्हणजे छोट्या धोट्याने गाठी मारत केलेली किनार, तिसरी उशीवर बॉबिननी, म्हणजे दोरा गुंडाळलेल्या छोट्या काड्यांनी विणलेली पट्टी. चौथीने विकतची लेस आणून स्वतः शिवलेल्या टेबलक्लॉथला लावलेली असते. चारही अर्जांवर शब्द एकच. यातले काय लेस आणि काय नाही, हा प्रश्न आपल्याकडे सुरू झालेला नाही आणि आजचाही नाही. पावणेदोनशे वर्षांपूर्वीही प्रदर्शनांच्या मांडवात तो होताच.

आधी शब्दाकडे पाहू, कारण मराठीत सगळ्यात जास्त गुंता तिथेच आहे. ‘लेस’ आपल्याकडे इंग्रजीतून आला. त्याच्या मुळाशी असलेल्या लॅटिन शब्दाचा अर्थ फास. आधी बांधायची दोरी, मग कपड्याला लावायची फीत, आणि शेवटी दोऱ्यांचे जाळीदार काम, असा तो शब्द सरकत गेला. बुटाची लेस आणि झबल्याची लेस ही म्हणूनच एका घरातली भावंडे आहेत. दुकानात मात्र ‘लेस’ म्हणजे मीटरवर मिळणारी कुठलीही किनार: जरीची, टिकल्यांची, एकही भोक नसलेलीसुद्धा. लेस म्हणवायला मूळ कापड नसलेले, दोऱ्यातूनच उभे राहिलेले जाळीदार काम लागते, हा अर्थ दुकानात उरलेलाच नाही.

त्याहून मोठा घोळ ‘सुई’चा. ‘क्रोशे’ या फ्रेंच शब्दाचा अर्थच मुळी छोटा आकडा. आपण त्या हत्याराला क्रोशाची सुई म्हणतो, तिला नेढे नसले तरी. स्वेटर विणायच्या त्याही सुयाच. आता युरोपातल्या ज्या लेसचे नाव सुईवरून पडले आहे, ती शिवणाच्या साध्या सुईने होते: कागदावर नक्षीची रेघ, तिच्यावर बसवलेला दोरा आणि त्या दोऱ्याला धरून हवेत भरत नेलेले काजाचे टाके. काम संपले की खालचा कागद सोडवून टाकायचा. तिला मराठीत ‘सुईची लेस’ म्हटले की वाचणारी हमखास क्रोशा समजते, आणि त्यात तिची काही चूक नाही. मी तिला ‘शिवणसुईची लेस’ म्हणते आणि बॉबिनच्या कामाला ‘उशीवरची लेस’. शब्द लांब आहेत, पण घोटाळा होत नाही.

या दोन्ही प्रकारांचा उगम सोळाव्या शतकातला, इटलीत आणि फ्लँडर्समध्ये. उशीवरच्या लेसच्या नमुन्यांचे छापील पुस्तक व्हेनिसमध्ये १५५७ साली निघालेले आहे. पुढे राजेलोकांच्या गळपट्ट्या आल्या आणि फ्रान्सने १६६५ मध्ये सरकारी आश्रयाने हा धंदा आपल्याकडे ओढला. तो काळ लेसप्रेमींच्या आवडीचा आहे आणि त्याच्यावर भरपूर लिहिलेही गेले आहे.

आजच्या वादाचे मूळ मात्र एकोणिसाव्या शतकात आहे. १८०८-०९ मध्ये इंग्लंडमध्ये षट्कोनी जाळी विणणाऱ्या यंत्राचे पेटंट निघाले. १८१६ मध्ये लफबरो इथल्या त्याच यंत्रांच्या कारखान्यावर रात्री हल्ला झाला, ५५ यंत्रे फोडली गेली, आणि मालकाने सगळा कारभार डेव्हन परगण्यात टिव्हर्टनला हलवला. डेव्हन म्हणजे होनिटन लेसचा मुलूख, उशीवर काम करणाऱ्या बायकांचा. १८४० साली इंग्लंडच्या राणीने लग्नात मुद्दाम होनिटन लेस घातली. समुद्रकाठच्या बिअर गावाच्या आसपासच्या २०० हून अधिक बायकांनी ती केली होती. हातकामाला दिलेला तो आधार होता. पण खपाचे पारडे तेव्हाच यंत्राकडे झुकले होते.

मग १८५१. लंडनच्या जागतिक प्रदर्शनात १९ वा वर्ग ठरवला गेला, आणि त्यात गालिचे, जमिनीवरची अंथरणी, लेस, भरतकाम, शोभेचे काम असे सगळे एकत्र कोंबले. हाताची लेस आणि यंत्राची लेस एकाच वर्गात. हा निर्णय मला आजही चुकीचा वाटतो. पाहणाऱ्याला चार पावलांवरून दोन्ही सारख्याच दिसतात. हाताच्या कामाला लागलेले महिने मांडणीतून कळत नाहीत. त्याच प्रदर्शनाचा एक फायदाही झाला, तो नाकारता येणार नाही: माल्टाची लेस तिथे पाहिल्यावर इंग्लंडच्या बेडफर्डशरमध्ये त्या वळणाचे काम सुरू झाले. पण मांडणीतली सरमिसळ रुळली ती रुळलीच.

क्रोशा याच सुमारास वर येत होता. क्रोशाचे छापील नमुने १८२० च्या दशकात एका डच मासिकात आलेले होते. आयर्लंडमध्ये १८४५ पासून बटाट्याचे पीक कुजून दुष्काळ पडला, तेव्हा मठांतून आणि धर्मोपदेशकांच्या घरांतून बायकांना क्रोशा शिकवला गेला. क्लोन्स आणि कॉर्क ही त्याची केंद्रे. नमुना कुठला, तर व्हेनिसच्या शिवणसुईच्या लेसचा. जे काम सुईने करायला महिनोन्‌महिने लागत, त्याचे रूप आकड्याने कितीतरी लवकर उभे करता येई, आणि दुष्काळात तो वेळच महत्त्वाचा होता. इथेच शिक्का बसला: क्रोशा म्हणजे लेसची नक्कल. जाणकारांच्या काही वर्तुळांत अजूनही ‘खरी लेस’ म्हणजे शिवणसुईची आणि उशीवरची, एवढेच मानतात. त्यांच्या बाजूने मुद्दा आहे: क्रोशाचा टाका स्वतःच्या पायावर उभा राहतो, त्याने भरीव गोधडीही विणता येते, म्हणजे जाळी हा त्याचा स्वभाव नाही. माझे म्हणणे वेगळे आहे. हत्यारावरून वर्ग ठरवायचा नसतो, तयार झालेल्या कामावरून ठरवायचा असतो. बारीक दोऱ्याची जाळीदार क्रोशाची पट्टी लेसच आहे. लोकरीची क्रोशाची शाल नाही.

भारतात दोन्ही प्रवाह मिशनांच्या हाताने आले. आजच्या तमिळनाडूतल्या नागरकोविलला उशीवरची लेस १८२० च्या आसपास मुलींच्या शाळेतून सुरू झाली. आंध्रात गोदावरीच्या मुखाजवळ नरसापूरला क्रोशा रुजला. नरसापूरच्या बायका घरी बसून परदेशी जाणारा माल करत आल्या, पण १९८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने दाखवले की त्यांना कामगार म्हणून कुणी धरतच नव्हते. फावल्या वेळातला उद्योग म्हणून मजुरीही तशीच. ‘हौस’ हा शब्द वापरताना हे लक्षात ठेवावे. २०२४ साली नरसापूरला भौगोलिक मानांकन मिळाले, तेही ‘क्रोशे लेस’ या जोडनावाने. निदान कागदावर तरी हा वाद तिथे मिटलेला आहे.

महाराष्ट्रात क्रोशा रुखवतात स्थिरावला. थाळीवरचे रुमाल, तोरणे, मणी लावलेली पेल्यांची झाकणे, पुढे रेडिओ आणि टीव्हीवरची आवरणे. रुखवत हे आपले घरगुती प्रदर्शनच: मांडायचे, सगळ्यांनी वाकून पाहायचे, वधूच्या हाताची तारीफ करायची. इथे शब्दसंपत्तीही तयार झाली, साखळी, मुका खांब, खांब. ही नावे किती नेटकी आहेत हे आता कळते. ब्रिटिश पुस्तकात ज्याला ‘डबल क्रोशे’ म्हणतात, त्याला अमेरिकन व्हिडिओत ‘सिंगल क्रोशे’ म्हणतात. आपल्याकडे तो फक्त मुका खांब. व्हिडिओ पाहून शिकणाऱ्या मुली ही सोडलेली गाठ पुन्हा मारून घेतात, तेव्हा वाईट वाटते.

तिकडे इंग्लंडमध्ये लेसशाळा गेल्या, धंदा गेला, आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लेस छंद म्हणून परतली. १९७६ मध्ये हौशी लेसकारांची संस्था झाली. क्रोएशिया आणि सायप्रसमधली लेस २००९ मध्ये, फ्रान्समधल्या आलाँसाँची २०१० मध्ये आणि स्लोव्हेनियाची उशीवरची २०१८ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत गेली. आपल्याकडे समाजमाध्यमांवरच्या गटांनी क्रोशा बाहेर काढला. जानेवारी २०१६ मध्ये चेन्नईत ११,१४८ चौरस मीटरचे क्रोशाचे पांघरूण अंथरले गेले. ते लेस नव्हे, पण एकटीने दुपारी करायचे काम मैदानात आले, एवढे त्याने झाले.

रुखवताची सवय सार्वजनिक प्रदर्शनात मात्र आड येते. रुमाल ताठ राहावा म्हणून आपण साबुदाण्याची खळ करतो, कुणी साखरेचा पाक लावते. एका दिवसाच्या मांडणीला ते ठीक. तसाच घडी घालून ठेवला की कसर लागते आणि घडीवर दोरा तुटतो. त्यापेक्षा धुऊन, ओला असतानाच न गंजणाऱ्या टाचण्यांनी आकारात ताणून वाळवावा. मांडायला गडद कापड, पण आधी धुतलेले, नाहीतर पावसाळी हवेत रंग उतरतो; मखमल नको, तिची लव जाळीत अडकते. चिकटपट्टी अजिबात नको, चार-पाच सैल टाके पुरतात. दिवा जवळ नको: जुन्या कापडासाठी संग्रहालये ५० लक्सच्या (लक्स हे उजेडाचे माप) आसपास मंद उजेड ठेवतात. नंतर घडी न घालता नळीवर गुंडाळावा, आणि लाकडाला किंवा पुठ्ठ्याला थेट टेकू देऊ नये, कारण पिवळे डाग तिथूनच येतात.

आणि मांडलेल्या वस्तूशेजारची चिठ्ठी. ‘लेस, हातकाम’ एवढे लिहून पाहणाऱ्याला काहीच मिळत नाही. ‘क्रोशा, ६० नंबरचा सुती दोरा, काठ वेगळा विणून जोडलेला’ असे लिहिले, की दोन बायका वाकतात, काठ कुठे जोडलाय ते शोधतात आणि विचारतात, ‘उलटी बाजू दाखवता का?’