ऑपरेशननंतर बाक पुन्हा दिसला: रात्रीचा ब्रेस वेगळा, दिवसभराचा वेगळा

स्कोलिओसिसचं, म्हणजे कण्याला बाजूला आलेल्या बाकाचं ऑपरेशन झालं, रॉड-स्क्रू बसले, पाठ सरळ झाली. मग पुढच्या एखाद्या एक्स-रेत बाक पुन्हा वाढलेला दिसतो आणि डॉक्टर म्हणतात, ‘रात्रीचा ब्रेस लावून बघू.’ पालकांना जरा हायसं वाटतं, निदान शाळेत तरी घालायला नको! रात्रीचा ब्रेस म्हणजे दिवसभराच्या ब्रेसमध्ये मिळालेली सवलत, असं त्यांनी मनात धरलेलं असतं. दोन्ही प्लास्टिकचे, अंगाच्या मापाचे, पट्ट्यांनी आवळायचे, त्यामुळे गोंधळ होणं साहजिक आहे. पण दोघांचं काम निराळ्या तऱ्हेने चालतं.

दिवसभराच्या ब्रेसचं नेहमीचं उदाहरण म्हणजे १९७०च्या दशकात अमेरिकेत तयार झालेला बोस्टन ब्रेस. तो घालून मूल बसतं, चालतं, बसमध्ये चढतं. म्हणजे तोल सांभाळून जेवढं रेटता येईल तेवढंच तो रेटतो. उरलेली कसर तासांनी भरून काढायची. अमेरिका आणि कॅनडातल्या मुलांवरचा एक मोठा अभ्यास २०१३मध्ये प्रसिद्ध झाला. ब्रेसमध्ये तापमान टिपणारा सेन्सर बसवला होता, त्यामुळे घरी सांगितलेले तास आणि खरे तास यांची गल्लत होण्याचा प्रश्न नव्हता. रोज सरासरी १३ तासांच्या आसपास किंवा जास्त ब्रेस घालणाऱ्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिक मुलांचा बाक ५० अंशांच्या आत राहिला.

रात्रीच्या ब्रेसला तोल सांभाळायचाच नसतो. मूल आडवं असतं, कण्यावर डोक्या-खांद्यांचा भार नसतो, म्हणून हा ब्रेस कण्याला कितीतरी जास्त रेटू शकतो. चार्ल्सटन ब्रेस धड बाकाच्या उलट दिशेला चक्क वाकवून धरतो. तो घालून उभं राहिलं तर मूल एका बाजूला कललेलं दिसतं. प्रॉव्हिडन्स ब्रेस बाजूने आणि पिळाच्या दिशेने दाब देतो. दोन्ही साधारण आठ-दहा तासांसाठी, झोपेपुरते. कमरेकडचा, एकेरी, फार मोठा नसलेला बाक असेल तर ते अधिक जमतात. दुहेरी बाकात एक सरळ करताना दुसरा वाढणार नाही ना, हे पाहावं लागतं.

त्यामुळे दिवसाचा ब्रेस फक्त रात्री घातला, तर तो रात्रीचा ब्रेस होत नाही. त्याचे तास तेवढे कमी होतात. आणि मेडिकलच्या दुकानातला कमरेचा इलॅस्टिक बेल्ट या दोन्हींत बसत नाही.

आता ऑपरेशन झालेल्या मुलाकडे येऊ. वरचा अभ्यास ऑपरेशन न झालेल्या मुलांचा आहे, त्यातले आकडे इथे जसेच्या तसे लावता येत नाहीत. शिवाय किती तास, कोणता ब्रेस, याच्या आधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे: बाक नेमका कुठे वाढलाय?

जोडून एकसंध केलेल्या मणक्यांमध्ये वाढला असेल तर हाड जुळलंच नसेल, रॉड तुटला असेल किंवा स्क्रू सैल झाला असेल. लहान वयात फक्त मागच्या बाजूने मणके जोडलेले असतील तर आणखी एक शक्यता असते. मागची वाढ थांबते, पुढची चालू राहते आणि कणा पिळत जातो. डॉक्टर याला क्रँकशाफ्ट म्हणतात. जुळलेलं हाड कुठलाही ब्रेस सरळ करू शकत नाही. तुटलेल्या रॉडवर रात्रीचा ब्रेस चढवून सहा महिने वाट पाहणं म्हणजे सहा महिने वाया घालवणं, असं माझं स्पष्ट मत आहे.

न जोडलेल्या भागाची गोष्ट निराळी. कधी जोडाच्या खालचे मणके बाकात सामील होतात, कधी कमरेचा बाक मुद्दाम मोकळा ठेवलेला असतो. मणके न जोडता दोरीने ओढून धरण्याच्या नव्या पद्धतीत ती दोरी तुटू शकते. अशा ठिकाणी मुलाची वाढ बाकी असेल, तर रात्रीच्या ब्रेसचा विचार करण्यात अर्थ आहे. वाढ किती उरलीय ते हाताच्या किंवा कमरेच्या हाडांच्या एक्स-रेवरून ठरवतात. दाब कुठे द्यायचा आणि शेवटच्या स्क्रूपाशी कुठे द्यायचा नाही, हे सर्जनने ऑर्थोटिस्टला, म्हणजे ब्रेस बनवणाऱ्या तज्ज्ञाला, स्वतः सांगायला हवं. पालकांकरवी निरोप नको.

एक्स-रेवर बाक मोजताना पाचेक अंशांचा फरक नुसत्या मोजणीतही पडतो. ३२चे ३५ झाले म्हणून बाक परतला असं लगेच म्हणता येत नाही. जुना आणि नवा, दोन्ही एक्स-रे एकाच डॉक्टरांनी शेजारी ठेवून मोजलेले बरे.

घरी ब्रेसखाली शिवण नसलेला सुती बनियन घालावा, सुरकुती राहू देऊ नये. सकाळी ब्रेस काढल्यावर दिसणारा लालसर वण अर्ध्या तासात मावळायला हवा. तसाच राहिला किंवा कातडी सोलली, तर पट्टा आपल्या मनाने सैल न करता ऑर्थोटिस्टकडे जावं. पाठीत अचानक कळ आली, आतून काही तुटल्यासारखा आवाज झाला किंवा पायात मुंग्या, अशक्तपणा जाणवला, तर मात्र सर्जनला त्याच दिवशी फोन करायचा.