एक मिलिमीटर रबर, तीन सेंटिमीटर स्टिअरिंग

बडोद्यात, दांडिया बाजाराच्या परिसरात राहणाऱ्या माझ्या मावसभावाच्या अंगणात ताडपत्रीखाली एक ट्रायम्फ स्पिटफायर उभी असते. १९६२ ते १९८० या काळात इंग्लंडमध्ये तयार होणारी ही दोन आसनांची, कापडी टपाची छोटी स्पोर्ट्स कार आपल्याकडे क्वचितच दिसते. तिच्या सांगाड्याचा आणि पुढच्या भागाचा आराखडा मात्र बराचसा ट्रायम्फ हेराल्डवरून घेतलेला आहे, आणि ती हेराल्ड पूर्वी मद्रासमध्ये ‘स्टँडर्ड हेराल्ड’ या नावाने बनत असे, त्यामुळे जुन्या मेकॅनिकांना स्पिटफायरचे स्टिअरिंग अगदीच परके वाटत नाही. दादाची तक्रार अशी होती की, अहमदाबादकडे जाणाऱ्या द्रुतगती मार्गावर गाडी सरळ धरून ठेवणे कठीण जाते. स्टिअरिंग थोडे फिरवले तर काहीच घडत नाही, आणखी थोडे फिरवले की एकदम घडते, आणि खड्ड्यातून जाताना पुढून ‘खट्ट’ असा आवाज येतो. एका गॅरेजच्या सल्ल्याने त्याने पुढचे दोन्ही टायर बदलले आणि अलाइनमेंटही करून घेतले, तरी गाडीची चाल होती तशीच राहिली.

दोष कुठे आहे ते शेवटी एका खडूने दाखवले. रॅक-पिनियन प्रकारच्या स्टिअरिंगमध्ये दात पाडलेली एक आडवी सळई, म्हणजे रॅक, एका नळीत डावी-उजवी सरकते. स्टिअरिंगच्या दांड्याच्या टोकाला असलेले छोटे दातेरी चाक, म्हणजे पिनियन, तिला सरकवते आणि तिच्या दोन्ही टोकांचे टाय रॉड पुढची चाके वळवतात. ही नळी सांगाड्यावर स्थिर असायला हवी. स्पिटफायरमध्ये ती दोन यू-बोल्टांनी आवळलेली असते आणि नळी व सांगाडा यांच्यामध्ये रबराचे बुश, म्हणजे जाड कडी, असतात. आम्ही नळीवर आणि शेजारच्या ब्रॅकेटवर सलग अशी एक खडूची रेघ ओढली, चारही चाके जमिनीवरच ठेवली आणि दादाला स्टिअरिंग हलके डावी-उजवीकडे फिरवायला सांगितले. चाके वळण्याआधी नळीच सरकत होती आणि रेघेचे दोन तुकडे एकमेकांपासून सुमारे तीन मिलिमीटर दूर जात होते. ही परीक्षा गाडी जॅकवर उचलून घेतली तर निरुपयोगी ठरते, कारण अधांतरी चाक विनासायास वळते आणि बुशवर भारच येत नाही.

तीन मिलिमीटर म्हणजे फार काही नाही, असे वाटणे साहजिक आहे. तेव्हा हिशेब एकाच मिलिमीटरचा करून पाहू. समजा, स्टिअरिंगच्या एका पूर्ण फेऱ्यात रॅक ४० मिलिमीटर सरकतो. मग नळी एक मिलिमीटर सरकली तर ती भरून काढण्यासाठी स्टिअरिंग ९ अंश फिरवावे लागेल, आणि ३८ सेंटिमीटर व्यासाच्या स्टिअरिंगच्या कडेवर ९ अंश म्हणजे जवळजवळ तीन सेंटिमीटर. हाताला जाणवणारी ती पोकळी हीच. उलट दिशेने पाहिले तर चित्र अधिक गंभीर दिसते. रॅक ज्या भुजेला ढकलून चाक वळवतो ती १२ सेंटिमीटर लांबीची धरली, तर एक मिलिमीटरने चाक सुमारे अर्धा अंश वळते. या गाडीच्या पुढच्या व मागच्या चाकांतील अंतर २.१ मीटर आहे, म्हणजे तेवढ्या वळणाने ती साधारण अडीचशे मीटर त्रिज्येच्या वर्तुळावर जाऊ लागेल आणि ताशी ९० किलोमीटर वेगाने एका सेकंदात सव्वा मीटर बाजूला सरकेल. हा कागदावरचा हिशेब आहे. प्रत्यक्षात टायर थोडे घसरतात आणि चालकही तोवर सावरतो. पण दादा जे सतत ‘सावरणे’ करत होता, त्याचे मूळ या आकड्यांत आहे.

नळीला सरकवणारे बल येते कुठून? वळणावर टायरवर येणाऱ्या आडव्या बलाचा मध्यबिंदू, चाक ज्या अक्षाभोवती वळते त्याच्या थोडा मागे पडतो. वळण संपल्यावर स्टिअरिंग आपोआप सरळ होते ते त्यामुळेच. दोन माणसांसह गाडी ९०० किलोची आणि निम्मा भार पुढच्या चाकांवर असे धरले, तर मध्यम वळणावर पुढच्या चाकांना मिळून सुमारे १,७५० न्यूटन आडवे बल लागते. तो मध्यबिंदू अक्षाच्या चार सेंटिमीटर मागे मानल्यास, बारा सेंटिमीटरच्या भुजेमार्फत रॅकवर ६०० न्यूटनच्या आसपास, म्हणजे साठ किलो वजनाइतका रेटा येतो. तो रेटा शेवटी रबराच्या दोन कड्यांवरच पेलला जातो, आणि उभ्या गाडीची चाके वळवताना तो याहूनही वाढतो.

मग तिथे रबर ठेवलेच कशाला, असा प्रश्न दादाने विचारला आणि तो रास्त होता. त्याचे उत्तर रबराच्या रेणूंत आहे. नैसर्गिक रबर म्हणजे एकमेकांत गुंतलेल्या लांबच लांब साखळ्या. १८३९ साली चार्ल्स गुडइयर यांना सापडलेल्या पद्धतीने गंधकासह तापवले की या साखळ्यांमध्ये जागोजागी गंधकाचे टाके पडतात आणि चिकट पदार्थाचे लवचीक वस्तूत रूपांतर होते. रबर ताणले म्हणजे साखळ्या सरळ होतात, सोडले की पुन्हा विस्कटतात. जाड रबरबँड झटकन ताणून ओठांना लावल्यास किंचित गरम लागतो, ही गोष्ट जॉन गॉफ या अंध निसर्ग-अभ्यासकाने १८०५ मध्ये नोंदवली होती. मात्र ताणताना दिलेली सगळी ऊर्जा सोडल्यावर परत मिळत नाही: साखळ्या एकमेकींना घासत सरकतात आणि तिचा काही भाग उष्णतेच्या रूपाने तिथेच जिरतो. हे जिरणेच आपल्या उपयोगाचे असते. रस्त्याची कंपने बुशमध्ये खर्ची पडतात. ती रॅकच्या दातांपर्यंत आणि आपल्या मनगटापर्यंत पूर्ण जोराने पोहोचत नाहीत.

रबराचा आणखी एक गुण बुशच्या बाबतीत महत्त्वाचा आहे. रबराचा आकार सहज बदलतो, पण आकारमान जवळजवळ बदलत नाही. चारही बाजूंनी कोंडलेल्या रबराला फुगायला जागाच उरली नाही, तर ते दाबाखाली अतिशय ताठ वागते. मोकळी कड ठेवली तर तेच रबर मऊ भासते. बुशची जाडी, त्याची कडा आणि भोवतीची पोकळी यांवरून तो कोणत्या दिशेला किती देणार हे ठरते, आणि म्हणूनच ‘साधारण त्याच मापाचा’ बुश ठोकून बसवणे ही अंदाजपंचे गोष्ट आहे.

बुश काढल्यावर तिथल्या मेकॅनिककाकांनी गुजरातीत केलेले निदान मला फार आवडले: रबर तेल प्यायले आहे. रसायनशास्त्राच्या दृष्टीने ते तंतोतंत खरे होते. नैसर्गिक रबर आणि इंजिन ऑइल हे दोन्ही हायड्रोकार्बन कुळातले, त्यामुळे इंजिनाच्या पुढच्या सीलमधून गळणाऱ्या तेलाचे रेणू साखळ्यांमध्ये शिरतात, रबर फुगते, मऊ होते आणि पिठूळ होत जाते. हवेतील ओझोन साखळ्यांमधील दुहेरी बंध तोडून पृष्ठभागावर बारीक भेगा पाडतो, आणि उष्णता या सगळ्या क्रियांचा वेग वाढवते. बडोद्याच्या मे महिन्यात बाहेरच ४२ अंश असताना बॉनेटखाली काय होत असेल ते सांगायला नको.

आता नवे बुश कशाचे घालायचे? बाजारात रबराखेरीज पॉलियुरेथेन आणि अ‍ॅल्युमिनियम असे दोन पर्याय असतात. १९३७ मध्ये ओट्टो बायर यांच्या चमूने जर्मनीत शोधलेल्या पॉलियुरेथेनच्या साखळ्यांत मऊ आणि कठीण असे तुकडे आलटून पालटून येतात. शोर ए या मापावर बुशचे रबर साधारण ५० ते ७० तर पॉलियुरेथेन ८० ते ९५ कठीण भरते आणि तेलालाही चांगले दाद देत नाही. कोरडे राहिले तर ते कुरकुरते, म्हणून त्याला सिलिकॉन ग्रीस लावावे लागते. अ‍ॅल्युमिनियमचे ठोकळे स्पिटफायरवाल्यांत लोकप्रिय आहेत, आणि मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत एखाद्या लेथवर ते कातून घेणे अवघडही नाही. दादाचा ओढा तिकडेच होता. माझे मत वेगळे पडले. नळी तसूभरही न सरकणे हे शर्यतीच्या गुळगुळीत मार्गावर योग्य असेल. पण पावसाळ्यानंतरच्या आपल्या रस्त्यांवर प्रत्येक खड्ड्याचा आघात मग रॅकचे दात आणि सांगाड्याची साठ वर्षे जुनी ब्रॅकेटे यांनाच सोसावा लागतो, आणि त्यांच्यापुढे बुश कितीतरी स्वस्त असतो. अखेर आम्ही रबरच निवडले.

प्रत्यक्ष काम अर्ध्या दिवसाचे आहे, आणि ही गाडी त्यासाठी जणू मुद्दाम केलेली आहे: पुढचा संपूर्ण पत्रा बॉनेटसह पुढे उलटतो आणि टायरवर बसून काम करता येते. तरी मागच्या चाकांना पाचर लावणे, गाडी सपाट जमिनीवर जॅक स्टँडवर टेकवणे आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर कधीही खाली न शिरणे हे पथ्य पाळलेच पाहिजे. स्टिअरिंग सरळ ठेवून, पिनियनचा दांडा आणि त्यावरचा सांधा यांवर रंगाची एक खूण करून घ्यावी. एका वेळी एकाच बाजूचा यू-बोल्ट सोडला तर दुसरी बाजू नळीला जागेवर धरून ठेवते, आणि बुश एका बाजूने चिरलेला असल्याने तो उघडून नळीवर चढवता येतो. साफसफाईला रॉकेलचे फडके घेण्याची सवय इथे घातक आहे, कारण रॉकेलही तेलासारखेच रबरात शिरते. साबणाचे पाणी पुरते, आणि बुश सरकवायलाही तेच चालते. नायलॉनची कडी असलेले नट पुन्हा वापरू नयेत.

खरी मेख आवळण्यात आहे. नट घट्ट करण्याआधी दोन्ही यू-बोल्ट बाहेरच्या दिशेला ढकलून धरावे लागतात, म्हणजे नळीवरच्या कडांशी रबर आडवे दाबले जाते. ते दाबलेले नसेल तर नवा बुशही आधी मोकळाच सरकतो आणि जुनी पोकळी पहिल्याच दिवशी परत येते. आम्ही पहिल्या खेपेला नेमके हेच विसरलो आणि खडूच्या रेघेने चूक पकडली. दुसरी गंमत हॉर्नची झाली: या गाडीत हॉर्नचे अर्थिंग स्टिअरिंगच्या दांड्यातून रॅककडे जाते आणि रबर वीज नेत नाही, त्यामुळे नळीपासून सांगाड्यापर्यंतची छोटी तार जोडायची राहिली तेव्हा हॉर्न मुकाच झाला.

नळी अर्धा मिलिमीटर जरी वेगळ्या जागी बसली तरी चाकांचा टो, म्हणजे पुढच्या दोन चाकांची तोंडे आत वा बाहेर किती वळलेली आहेत ते, बदलू शकतो, म्हणून गाडी खाली घेतल्यावर दोन्ही पुढच्या टायरांवर, पुढच्या बाजूस आसाच्या उंचीला, खडूची खूण करून त्यांतील अंतर मोजले. मग गाडी अर्धा फेरा पुढे ढकलून त्याच खुणा मागे आल्यावर पुन्हा मोजले. दोन मापांतला फरक म्हणजे टो. घरच्या टेपने तो मिलिमीटरभर इकडेतिकडे होतो, त्यामुळे नंतर अलाइनमेंट करून घेतलेच. ब्रॅकेटवरची रेघ आता स्टिअरिंग हलवताना अर्ध्या मिलिमीटरपेक्षा कमी तुटते. सुरुवातीच्या काही दिवसांत दाबाखालचे रबर किंचित बसते, म्हणून पाचशे किलोमीटरनंतर यू-बोल्टांचे नट पुन्हा तपासले, आणि उजव्या बाजूच्या दोन्हींना जेमतेम पाव फेरा द्यावा लागला.