घेटुळी की खापरा? पानं बघू नका, फूल कुठं बसलंय ते बघा

मृगाचा पाऊस झाला की सोलापूरच्या काळ्या रानात, बांधावर, तुरीच्या ओळीत, अगदी अंगणातल्या कुंडीतही दोन तणं जमिनीलगत पसरतात. एक घेटुळी, म्हणजे पुनर्नवा. वैद्य सुजेवर हिचं मूळ देतात. दुसरा खापरा. त्यालाही लोक ‘पांढरी घेटुळी’ म्हणतात, आणि तिथंच सगळं बिघडतं. (घोळ ही रानभाजी तिसरीच. तिचं फूल पिवळं, तिच्यात कुणी फसत नाही.)

‘जोडीतलं एक पान मोठं, एक लहान, म्हणजे पुनर्नवा’ हा सल्ला मोबाइलवर फिरत असतो. तो विसरा. खापऱ्याच्याही जोडीत पानं लहान-मोठीच असतात. तांबूस देठावरही जाऊ नका, दोन्हींचे देठ तसे दिसू शकतात.

फूल बघा. घेटुळीची फुलं मोहरीएवढी, गुलाबी-जांभळी. बारीक लांब दांड्यांवर, पानांपासून दूर, छोट्या झुपक्यांत. खापऱ्याच्या फुलाला दांडीच नाही. पांढरं किंवा फिकट गुलाबी एकटं फूल पानाच्या बगलेत, देठाच्या खोळीत अर्धं बुडालेलं असतं. फूल गळून गेलं असेल तर फळ चिमटीत धरा. घेटुळीचं पाच धारांचं आणि चिकट, धोतराला चिकटून घरापर्यंत येतं. खापऱ्याच्या बोंडाचं टोपण सुटतं, आत काळ्या बिया.

दोन्ही नसेल तर खणा. घेटुळीचं मूळ जाड आणि खोल. मे महिन्यात वरचं सगळं करपलं तरी ते जिवंत राहतं आणि पावसात पुन्हा फुटतं. पुनर्नवा हे नाव त्यावरूनच. खापरा एका हंगामाचा, मूळ बारीक. म्हणून खापरा बोंडं धरायच्या आत खुरपला की त्या वर्षापुरता मिटला. घेटुळी नुसती वरून खुरपली तर परत येते, मूळच काढावं लागतं.

ही चूक पोटात गेली तर महागात पडते. खापऱ्याचं मूळ जहाल रेचक आहे, गरोदर बाईला तर ते देऊच नये. पानांत ऑक्झलेट, म्हणजे मुतखडा वाढवणारा क्षार, भरपूर, त्यामुळं मुतखडा असलेल्यांनी त्याची भाजी टाळावी. इतरांनी खायचीच तर कोवळी पानं उकळून पाणी फेकून द्यावं. आणि पुनर्नवेचं सुटं चूर्ण घेऊच नका. दळल्यावर कोणतं मूळ कुणाचं, हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही. फुलाफळासकट अख्खं झाड दाखवील त्याच्याकडूनच मूळ घ्या.