ग्राफीन पोलादाहून बळकट, म्हणून शेअरही वधारणारच?

ग्राफीन म्हणजे कार्बनच्या अणूंचा एकाच अणूएवढ्या जाडीचा थर. ‘ग्राफीन पोलादापेक्षा 200 पट बळकट आहे, तेव्हा ते बनवणाऱ्या कंपनीचा शेअर आज घ्या, काही वर्षांत अनेक पटींनी वाढेल,’ असा संदेश बरीच वर्षे फिरतो आहे.

यातील पहिला भाग निराधार नाही. मात्र ती बळकटी 2008 मध्ये अणूएवढ्या जाडीच्या, निर्दोष आणि अतिसूक्ष्म पापुद्र्यावर मोजली गेली. बाजारात ग्राफीन म्हणून विकली जाणारी भुकटी बहुधा अनेक थरांच्या कणांची असते आणि रबर, रंग किंवा काँक्रीटमध्ये अल्प प्रमाणात मिसळली जाते, त्यामुळे मिळणारी सुधारणा उपयुक्त असली तरी मर्यादित असते.

पदार्थाचा गुण म्हणजे कंपनीचा नफा नव्हे, आणि माझ्या मते खरी गफलत येथेच होते. लंडन, टोरांटो, सिडनी येथील बाजारांत नोंदलेल्या अशा छोट्या कंपन्यांचे वार्षिक अहवाल कोणालाही पाहता येतात. त्यात विक्रीचे उत्पन्न आणि सरकारी अनुदान वेगळे करून पाहावे. कामकाजातून रोकड येते की जाते, हे रोख प्रवाह पत्रकात तपासावे. मुख्य म्हणजे एकूण शेअरची संख्या दरवर्षी किती वाढली ते पाहावे, कारण तोटा भरून काढण्यासाठी नवे शेअर काढले, की जुन्या भागधारकाचा हिस्सा घटतो. ‘सामंजस्य करार झाला’ या घोषणेत मागणीचे प्रमाण आणि रक्कम नसेल, तर ती विक्री धरू नये.